सर्दी नाकात, मूळ दाढेत

वरच्या जबड्याच्या हाडात, नाकाच्या दोन्ही बाजूंना गालामागे एकेक पोकळी असते. बोलीत ‘सायनस’ म्हणतात तो बहुधा हाच, मॅक्झिलरी सायनस. मोठ्या माणसाच्या एका सायनसमध्ये साधारण १५ मिलिलिटर हवा मावते. वरच्या दाढांची मुळे बहुधा त्याच्या तळाजवळ किंवा तळाला टेकलेली असतात. काहींच्या बाबतीत मधे हाडही नसते, नुसते पातळ अस्तर. इंग्लंडच्या नॅथॅनिएल हायमोरने १६५१ साली या पोकळीचे वर्णन केले, त्यातही सुळा काढल्यावर तिथून पू वाहू लागलेल्या एका बाईची हकिकत आहे.

महाड-पोलादपूरकडे पावसाळाभर सह्याद्रीच्या पायथ्याशी हवा ओलीच असते. नाक वाहिले तर दोष पावसाला देणे सोपे. पण साधी सर्दी सहसा दोन्ही नाकपुड्यांना धरते. एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल, त्याच बाजूचा गाल जड वाटत असेल, तर दाढा तपासायला हव्यात.

कीड दाढेच्या नसेपर्यंत पोचली की नस मरते, मुळाच्या टोकाशी पू साठतो, वरचे हाड झिजते आणि जंतू अस्तरात शिरतात. नस मेली की ठणका थांबतो आणि दाढ बरी झाली असे वाटते. फसगत होते ती इथेच. हिरड्यांच्या जुन्या रोगातूनही हा संसर्ग वर चढतो. कधी दाढ काढताना तळाला भोक पडते, मुळाचा तुकडा वर निसटतो, रूट कॅनालचे सामान किंवा इम्प्लांट पोकळीत घुसते. चूळ भरताना पाणी नाकातून आले तर भोक पडले आहे असे समजावे.

दातांच्या दवाखान्यातला छोटा एक्स-रे आधी काढतात, आणि तो काढावाच. पण वरच्या दाढांना सहसा तीन मुळे असतात, शिवाय गालाच्या हाडाची सावली त्यांच्यावर पडते. सपाट चित्रात सगळे एकमेकांवर चढते, म्हणून एक्स-रे स्वच्छ दिसला एवढ्यावर दाढ निर्दोष ठरत नाही. ओपीजी या मोठ्या एक्स-रेत दोन्ही जबडे एकत्र दिसतात, मात्र बारकावे पुसट होतात. चेहऱ्याच्या एक्स-रेत सायनस भरलेला कळतो, कोणत्या दाढेमुळे ते कळत नाही. सीटी किंवा दातांसाठीचा सीबीसीटी पातळ काप दाखवतो. त्यात तळाच्या हाडातले भोकही सापडते. सीबीसीटीत किरणोत्सर्ग साधारणपणे नेहमीच्या सीटीपेक्षा कमी, पण पाणी आणि सुजलेले अस्तर यांतला फरक त्याला नीट ओळखता येत नाही. अस्तर थोडे जाड असणे निरोगी माणसातही आढळते, तेव्हा चित्राची सांगड तक्रारीशी घालावीच लागते.

नाकासाठी काढलेल्या सीटीत दाढांची मुळे बहुधा आलेली असतात, पण ती पाहिली जातातच असे नाही. गोळ्यांनी तात्पुरते बरे वाटते. दाढेचा उपचार झाला नाही, तर दुखणे परत येते.

म्हणून सायनसची फाइल घेऊन महाडहून मुंबईला निघणाऱ्याने दातांचे जुने एक्स-रेही बरोबर न्यावेत, आणि कोणती दाढ कधी काढली किंवा भरली, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना न विचारताच सांगावे.