तिरळा डोळा : भाग्य नव्हे, दुखणे

आमच्याकडे तिरळे मूल भाग्याचे मानतात. म्हणून धाकट्या बहिणीला ६ वर्षांची होईपर्यंत कोणी डॉक्टरांना दाखवलेच नाही. शाळेतल्या तपासणीत कळले, की तिरळ्या डोळ्याने तिला फळ्यावरचे अक्षरही दिसत नाही.

दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळली नाहीत, की मेंदू तिरळ्या डोळ्याचे चित्र टाकून देतो. न वापरल्याने त्या डोळ्याची नजर मंदावते. उपाय : योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे आळशी डोळा कामाला लागतो. ७ वर्षांच्या आत गुण चांगला येतो. नुसत्या शस्त्रक्रियेने डोळा सरळ दिसतो, मंदावलेली नजर सुधारत नाही.

४ महिन्यांनी बहिणीने त्याच डोळ्याने एस.टी.ची पाटी वाचली. तेव्हा तिरळेपणात भाग्य शोधू नये. मूल वेळीच दाखवावे.