शेजारच्या घरात षटकार आधी का?

मोबाइलवर सामना पाहताना शेजारचे आधी ओरडतात, याचे कारण लेटन्सी, म्हणजे चित्र निघाल्यापासून पडद्यावर येईपर्यंतचा विलंब. शेजारच्या डीटीएचचा सिग्नल सुमारे ३६,००० किमी उंचीवरच्या उपग्रहाकडे जाऊन परत येतो, तरी त्या फेरीला जेमतेम पाव सेकंद लागतो. इंटरनेटवर मात्र व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि ॲप त्यांतले काही साठवून मगच दाखवायला घेते. हा साठा म्हणजे बफर. तो संपला की चकती गरगरू लागते.

हा बफर किती लवकर भरतो, ते बँडविड्थवर, म्हणजे जोडणीच्या क्षमतेवर अवलंबून. जाहिरातीतले १०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल उतरते सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट. बारीक अक्षरांत का होईना, हे छापायला हवे!

खरी करामत कोडेकची, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीची. फुल एचडी चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, न दाबता पाठवायचे तर सेकंदाला सुमारे १.२४ गिगाबिट लागतील. २००३ सालचे एच.२६४ हे मानक तेच काही मेगाबिटांत बसवते. मैदानाची हिरवळ जागची हलली नसेल, तर ती दर फ्रेमला नव्याने न पाठवता फक्त झालेला बदल पाठवला जातो. धो धो पावसाच्या दृश्यात मात्र सगळेच बदलत असते; तिथे चित्राचे चौकोन दिसू लागतात.