नवीन घरगुती मत्स्यालयातील पाण्याचा गढूळपणा : कारणमीमांसा व उपाययोजना

प्रस्तावना

घराच्या दिवाणखान्यात अथवा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नवे मत्स्यालय मांडले की, तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यातील पाणी बहुधा दुधाळ होते. अशा वेळी सर्व पाणी काढून टाकले जाते. खडी व फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला जातो. पाणी पुन्हा दुधाळ होते, मासे मरू लागतात आणि दोष विक्रेत्याकडे जातो. प्रस्तुत लेखात या गढूळपणामागील जैविक प्रक्रिया स्पष्ट करून महाड-पोलादपूर परिसरास अनुरूप उपाय सुचविले आहेत.

गढूळपणाचे प्रकार

पाणी भरताच आलेला गढूळपणा न धुतलेल्या खडीच्या धुळीचा असतो. काचेच्या पेल्यात नमुना रात्रभर ठेवल्यास ही धूळ तळाशी बसते. पावसाळ्यात मातीचे अतिसूक्ष्म कण मात्र सहज बसत नाहीत. हिरवे पाणी एकपेशीय शैवालामुळे होते व त्याचे कारण थेट सूर्यप्रकाश हे होय. लाकडाच्या ओंडक्यामुळे पाण्यास तपकिरी छटा येते. दोन-चार दिवसांनी येणारा दुधाळपणा मात्र उरलेल्या खाद्यावर झपाट्याने वाढणाऱ्या जीवाणूंचा असतो.

नायट्रोजन चक्र

माशांच्या उत्सर्जनातून व कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया निर्माण होतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. या जीवाणूंचा शोध विनोग्रादस्की यांनी १८९० च्या सुमारास लावला. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात दुसरे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ मध्ये दिसून आले. तर दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायराही २०१५ मध्ये आढळला.

खाद्यावर वाढणारे जीवाणू काही तासांत दुप्पट होतात. नायट्रीकरण करणारे मात्र अत्यंत संथ वाढतात व खडी आणि स्पंज यांच्या पृष्ठभागावर वसतात. त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. दुधाळपणा त्याआधीच ओसरतो, परंतु डोळ्यांना न दिसणारा अमोनिया व नायट्राइट शिल्लक असू शकतो. म्हणूनच पाणी नितळ दिसणे म्हणजे ते सुरक्षित असणे नव्हे.

स्थानिक पाण्याचा विचार

नळाच्या पाण्यातील क्लोरीन या उपयुक्त जीवाणूंनाही मारते. अतिवृष्टीच्या प्रदेशातील नदीचे पाणी सामान्यतः मृदू असते. नायट्रीकरणात आम्ल निर्माण होत असल्याने अशा पाण्याचा सामू लवकर घसरतो. कूपनलिकेचे पाणी पुष्कळदा कठीण व अधिक सामूचे असते. २५ अंश सेल्सियस तापमानास सामू ७ असताना अमोनियाचा सुमारे ०.६ टक्के भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाल्यास तो ५ टक्क्यांहून अधिक होतो. पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरविण्याची पद्धत आपल्याकडे परिचित आहे. परंतु मासे असलेल्या टाकीत ती वापरू नये, कारण तुरटीमुळे सामू आणखी उतरतो.

उपाययोजना

१) एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवावे, त्यानंतर दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.
२) एका वेळी फक्त २० ते २५ टक्के पाणी बदलावे. नवे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवावे किंवा क्लोरीननाशक वापरावे.
३) स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळावा, नळाखाली धुवू नये.
४) हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. वाढणारे जीवाणू प्राणवायू वापरतात आणि उष्ण पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो.
५) जुन्या, निरोगी मत्स्यालयातील स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडी आणून टाकावी.
६) सुरुवातीस दोन-तीन लहान मासेच सोडावेत. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावरच संख्या वाढवावी.

शेवटचे दोन उपाय औद्योगिक वसाहतीस नवे नाहीत. सांडपाण्यावरील जैविक प्रक्रिया सुरू करताना चालू केंद्रातील सक्रिय गाळ किंवा शेण विरजणासारखे घालतात आणि सांडपाण्याचा भार टप्प्याटप्प्याने वाढवितात. मत्स्यालय हे त्याच तत्त्वावर चालणारे छोटे केंद्र होय.

निष्कर्ष

दुधाळपणा हा रोग नसून अपरिपक्व जीवाणू-समूहाचे लक्षण आहे. वारंवार केलेली संपूर्ण स्वच्छता ही परिपक्वता लांबविते व तिची किंमत मासे मोजतात. महाविद्यालयांनी नव्या मत्स्यालयातील अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व सामू यांच्या सहा आठवड्यांच्या दैनंदिन नोंदी विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास पाठ्यपुस्तकातील नायट्रोजन चक्र अल्प खर्चात प्रत्यक्ष अभ्यासता येईल, आणि मासे सोडण्यापूर्वी वाट पाहण्याची शिस्तही विद्यार्थ्यांच्या अंगी बाणेल.