जमिनीचा बॅरिस्टर

बॅरिस्टर हा शब्द मराठी माणसाला परका नाही. डॉ. आंबेडकर लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र ह्या शब्दासरशी डोळ्यांपुढे उभा राहतो तो खुनाचा खटला आणि आरोपीचा पिंजरा. इंग्लंडमध्ये बॅरिस्टरांचा एक वर्ग असा आहे की, ज्याच्या वाट्याला आरोपी सहसा येतच नाही. जमिनीवर काय बांधावे आणि काय बांधू नये, एवढाच त्याचा विषय.

हा वर्ग बळावला तो १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यामुळे. ह्या कायद्याने जमीन मालकाकडेच राहू दिली, पण तीवर बांधण्यासाठी स्थानिक संस्थेची परवानगी आवश्यक केली. परवानगी नाकारली गेली तर मंत्र्याकडे दाद मागावयाची. मग मंत्र्याचा निरीक्षक त्या गावी येऊन जाहीर चौकशी करतो. तेथे ज्यूरी नसते, बॅरिस्टरच्या डोक्यावर केसांचा टोपही नसतो. साक्षीला येतात ते वास्तुविशारद, रहदारीचे अभियंते, भूगर्भशास्त्रज्ञ. साहजिकच, उलटतपासणीपुरते का होईना, ह्या बॅरिस्टरला सतत नवे शास्त्र शिकावे लागते. आज तो बांधणाऱ्याच्या बाजूने उभा राहील, उद्या विरोध करणाऱ्या गावाच्या. आपल्या क्षेत्रातले आलेले काम आवडनिवड पाहून नाकारावयाचे नाही, हा त्या पेशाचा दंडकच आहे.

सर फ्रँक लेफील्ड हे ह्या वर्गातले मोठे नाव. १९५४ साली त्यांना सनद मिळाली, १९६७ साली ते क्वीन्स कौन्सेल झाले. १९७० मध्ये लंडनच्या विकास-आराखड्याची चौकशी त्यांच्याकडे आली. हरकती सुमारे २८,००० होत्या, आणि त्यांतील बहुतेक नियोजित महामार्गांविरुद्ध. लेफील्ड यांच्या समितीने सर्वांत आतला वर्तुळाकार महामार्ग मान्य केला. तथापि १९७३ च्या निवडणुकीत लंडनची सत्ता पालटली आणि तोही बारगळला. तीन वर्षांच्या युक्तिवादावर मतपेटीने पाणी फिरविले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही!

खरी कसोटी लागली ती साइझवेल-बी ह्या अणुवीज केंद्राच्या चौकशीत. सफक परगण्यातील स्नेप येथे जानेवारी १९८३ मध्ये ती सुरू झाली आणि मार्च १९८५ पर्यंत, ३४० दिवस, चालली. निरीक्षक होते लेफील्ड. एका बाजूस केंद्रीय वीजनिर्मिती मंडळाचे बॅरिस्टर आणि तज्ज्ञांची फौज. दुसऱ्या बाजूस वर्गणी गोळा करून आलेले आक्षेपक. आक्षेपकांना सरकारी साहाय्य मिळावे ही मागणी सरकारने फेटाळली. चौकशीला स्वतःचा असा एक स्वतंत्र बॅरिस्टर मात्र होता. कोणीच न विचारलेले प्रश्न विचारणे हे त्याचे काम. सोय चांगलीच होती. पण सर्वांसाठी नेमलेला वकील आणि आपल्या बाजूने उभा राहणारा वकील ह्यांत अंतर राहतेच. १९८७ मध्ये केंद्राला मान्यता मिळाली. १९९५ मध्ये तेथून वीज वाहू लागली.

पैशाचा तो प्रश्न पुढे निराळ्या वाटेने थोडासा सुटला. २०१३ पासून इंग्लंडच्या न्यायालयात पर्यावरणाच्या प्रश्नावर सरकारी निर्णयाला आव्हान देऊन हरलेल्या व्यक्तीवर सर्वसाधारणतः ५,००० पौंडांपर्यंतच, आणि संस्थेवर १०,००० पौंडांपर्यंतच, प्रतिपक्षाचा खर्च पडतो. ही सवलत न्यायालयापुरती आहे. चौकशीच्या सभागृहात बसणाऱ्या आक्षेपकाला आपल्या बॅरिस्टरची फी बहुधा स्वतःच्याच खिशातून द्यावी लागते.