दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतर आणि उड्डाणाचा काळ

दोन शहरांमधील अंतरास विमानाच्या वेगाने भागले की प्रवासाचा काळ मिळतो, असे शालेय गणिताने आपल्या मनावर बिंबविले आहे. प्रत्यक्ष हवाई वाहतुकीत मात्र या भागाकारातील दोन्ही संख्या स्थिर नसतात. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को या मार्गाच्या आधारे हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

गोलावरील दोन स्थानांमधील किमान अंतर बृहद्वृत्ताच्या कंसावर मोजले जाते. या दोन शहरांच्या अक्षांश-रेखांशांवरून गोलीय त्रिकोणमितीने हा कंस सुमारे १११.३ अंशांचा येतो, म्हणजेच अंतर जवळपास १२,४०० कि.मी. भरते. हा कंस हिमालय ओलांडून मध्य आशिया व सायबेरियामार्गे ७५ अंश उत्तर अक्षवृत्ताच्याही पलीकडे जातो आणि अलास्कावरून खाली उतरतो. मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर पट्टी ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास हे पटत नाही. त्यासाठी वर्गात पृथ्वीगोल आणि दोरा हवा.

तथापि हा किमान मार्ग सहसा वापरता येत नाही. केबिनमधील हवेचा दाब गेल्यास विमानास सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत त्वरित खाली यावे लागते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटरांच्या आसपास आहे. शिवाय आकाशालाही सरहद्दी असतात. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै या काळात पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद राहिल्याने पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा घ्यावा लागला; एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद करण्यात आले.

याहून उद्बोधक आहे तो वाऱ्याचा प्रश्न. एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० कि.मी. अंतर कापून सॅन फ्रान्सिस्कोस जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर सुमारे १५,३०० कि.मी. झाले, पण वेळ वाचला! मध्य अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे हे त्याचे कारण होय. हवेच्या सापेक्ष वेग ताशी ९०० कि.मी. धरू. समोरून सरासरी ३० कि.मी. वेगाचा वारा असेल, तर जमिनीच्या सापेक्ष वेग ८७० कि.मी. राहतो आणि पहिल्या मार्गास सुमारे १६ तास लागतात. पाठीमागून १४० कि.मी. वेगाचा वारा मिळाल्यास दुसरा, अधिक लांबीचा मार्ग पावणेपंधरा तासांतच संपतो. (हे वेग केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, ते ऋतुमानाप्रमाणे व दिवसागणिक बदलतात.) वाचलेल्या सव्वा तासाचे इंधनही अर्थातच वाचते.

येथे पृथ्वीच्या परिवलनाचे कारण हमखास पुढे केले जाते. उत्तरपत्रिकांतही ते आढळते. ‘पृथ्वी खालून फिरते, म्हणून एका दिशेचा प्रवास लवकर होतो’ हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते आणि उड्डाणापूर्वी विमानासही तीच गती असते. परिवलनाचा संबंध येतो तो अप्रत्यक्षपणे, म्हणजे जेट वाऱ्यांना पूर्वाभिमुख दिशा देण्यापुरता.

वेळापत्रक वाचतानाही असाच घोटाळा होतो. त्यात दोन्ही शहरांच्या स्थानिक वेळा दिलेल्या असतात. पहाटे ४ वाजता दिल्लीहून निघालेले विमान साडेचौदा तासांनी पोहोचते तेव्हा भारतात सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. उन्हाळी वेळ चालू असल्यास सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे असते. म्हणून तेथे त्याच तारखेची सकाळचे ६ ही वेळ असते. कागदावर प्रवास दोनच तासांचा दिसतो.