पाणी लागले की हात लागले?



हिवाळा सुरू झाला की शाळाशाळांतून सहलींचे बेत होऊ लागतात. समजा, बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यात असलेल्या सिरसाळा गावातून एसटीची एक गाडी चाळीस मुलांना घेऊन सहलीला निघाली आहे. प्रतापगड आणि रायगड पाहून कोकणात उतरायचे आणि पाचव्या दिवशी परतायचे, असा बेत आहे. प्रत्येकाच्या पिशवीत दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आहे. निरोप देताना आजी बजावते, "परमुलखाचं पाणी लागतं बरं का बाळा. भलत्या ठिकाणचं पाणी पिऊ नकोस."

मुले आज्ञाधारक. वाटेत सर्वांनी बाटलीबंद पाणीच घेतले. तरीही पहिल्याच रात्री एकाला उलट्या सुरू झाल्या. दोन दिवसांत आणखी काही जणांचे पोट बिघडले आणि घरी पोचेपर्यंत निम्मी गाडी आडवी झाली. गावात निदान एकच झाले : पाणी लागले!

पण पाणी तर सर्वांनी सीलबंद प्यायले होते. मग लागले ते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडा वेळ जमीन सोडून समुद्रावर जाऊ या.

समुद्रावरचे गाव

पर्यटकांना घेऊन आठ-दहा दिवस समुद्रात फिरणारी मोठमोठी जहाजे तुम्ही चित्रांत पाहिली असतील. मुंबई बंदरातूनही अशा सफरी गोव्याकडे गेल्या आहेत. दोन-तीन हजार प्रवासी, त्यांच्या दिमतीला शेकडो कर्मचारी, भोजनगृहे, नाट्यगृह, पोहण्याचे तलाव असे ते एक तरंगते गावच असते. तेथील पाणी यंत्रांनी शुद्ध करून, क्लोरीन मिसळून दिले जाते. तरीसुद्धा अशा जहाजांवर अधूनमधून उलट्या-जुलाबांची साथ येते. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा 'नोरो' नावाचा विषाणू असतो.

या विषाणूचे नाव मात्र जहाजावरून पडलेले नाही, ते पडले एका शाळेमुळे! १९६८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉरवॉक या गावी एका प्राथमिक शाळेतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी आणि शिक्षक उलट्यांनी आजारी पडले. रोगजंतू काही केल्या सापडेना. पुढे १९७२ साली आल्बर्ट कपिकियन या शास्त्रज्ञाने त्या साथीतील नमुन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने विषाणूचे कण पाहिले. 'नॉरवॉक'वरूनच पुढे 'नोरो' हे नाव आले.

मग बातम्यांत नेहमी जहाजेच का दिसतात? कारण तेथे मोजदाद होते. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांसाठी १९७० च्या दशकापासून स्वच्छता-तपासणीची योजना आहे. तपासनीस आगाऊ सूचना न देता येतात आणि १०० पैकी गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर जहाज नापास! पोट बिघडलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवावी लागते. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी शेकडा ३ जण आजारी पडले की 'साथ' जाहीर होते. म्हणजे २,००० प्रवाशांत ६० रुग्ण पुरतात. लग्नाच्या जेवणानंतर ६० पाहुण्यांचे पोट बिघडले, तर आपल्याकडे कोण मोजतो? अमेरिकेत नोंद होणाऱ्या नोरोच्या एकूण साथींपैकी जेमतेम शेकडा १ साथी जहाजांवर होतात. बाकीच्या साऱ्या जमिनीवरच, म्हणजे रुग्णालये, वृद्धाश्रम, उपाहारगृहे, शाळा अशा ठिकाणी होतात. आपल्याकडे २०२१ साली केरळमधील वायनाड जिल्ह्यात एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांमध्ये हाच विषाणू आढळला होता.

जहाज, वसतिगृह, सहलीची गाडी आणि वारीतली दिंडी या सर्वांत एक गोष्ट समान आहे. तीच ती माणसे अनेक दिवस एकत्र राहतात, एकत्र जेवतात आणि त्याच वस्तूंना हात लावतात.

ज्वारीच्या दाण्याएवढा विषाणू

लांबीची मापे तुम्ही शिकला आहात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. नोरो विषाणूचा व्यास साधारण ३० नॅनोमीटर असतो. आता कल्पना करा, की जगातली प्रत्येक वस्तू एक लाख पटींनी मोठी झाली. हा विषाणू ३ मिलिमीटरचा, म्हणजे ज्वारीच्या लहानशा दाण्याएवढा होईल. आणि दीड मीटर उंचीचे तुम्ही? तुम्ही १५० किलोमीटर उंच व्हाल! मुंबई-पुणे रस्ता उभा केला, तर जवळपास तेवढा उंच होईल. एवढ्या देहाला ज्वारीचे दाणे आडवे पाडतात, ते आपल्या संख्येच्या बळावर.

थोडे गणित करू. आजारी माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत या विषाणूचे अब्जावधी कण असू शकतात. आपण अगदी हात राखून १०० कोटी धरू. निरोगी माणसाला आजारी पाडण्यास शंभराहूनही कमी कण पुरे होतात, असा अंदाज आहे. येथेही आपण १०० धरू. आता बाजू ०.१ मिलिमीटर असलेला एक कण घ्या. तो डोळ्यांना जेमतेम दिसेल. त्याचे वजन सुमारे एक ग्रॅमचा दशलक्षांश भाग भरेल. त्यात विषाणू किती?

१०० कोटी ÷ १० लाख = १,०००

म्हणजे दिसेल-न दिसेल अशा त्या कणात दहा जणांना पुरेल एवढा रोग भरलेला आहे! नखाच्या कडेखाली असे किती कण मावतील, ते तुम्हीच ठरवा.

येथे पटकी, म्हणजे कॉलऱ्याशी तुलना केली तर मुद्दा स्पष्ट होईल. पटकीचे जंतू पोटातील आम्लात मोठ्या प्रमाणावर मरतात. म्हणून निरोगी माणसाला आजारी पाडण्यासाठी ते सहसा लाखोंच्या संख्येने पोटात जावे लागतात, आणि ते मुख्यतः दूषित पाण्यातून वा अन्नातून जातात. पाणी शुद्ध केले की पटकीला मोठा आळा बसतो. नोरोचा विषाणू मात्र आम्लाला पुरून उरतो आणि थोड्या कणांवर भागवतो. तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतोच, पण पाण्याची वाट बंद केली तरी हाताची वाट मोकळी राहते. आजीचे म्हणणे खोटे नव्हते, ते अपुरे होते!

एकाचे चाळीस

हा विषाणू पोटात गेल्यावर १२ ते ४८ तासांत लक्षणे दिसतात. समजा, सहलीतला एक विद्यार्थी दर दीड दिवसाला तिघांना रोग देतो आणि ते तिघेही तसेच करतात. मग पहिला १, दीड दिवसाने ३, तीन दिवसांनी ९ आणि साडेचार दिवसांनी २७. सर्व मिळून ४०. सहल संपता संपता गाडी भरली! मात्र पहिल्याच पायरीवर तिघांऐवजी एकालाच लागण झाली, तर साडेचार दिवसांपर्यंतची बेरीज १ + १ + ३ + ९, म्हणजे १४ होते. म्हणून सारी लढाई पहिल्या रुग्णाच्या वेळी असते.

हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, याची दोन उदाहरणे पाहा. १९९८ साली इंग्लंडमधील एका हॉटेलात १२६ माणसे सहा टेबलांवर जेवत असताना एका बाईला उलटी झाली. नंतर चौकशी केली तेव्हा असे आढळले, की तिच्या टेबलावरच्या दहांतील नऊंहून अधिक जण आजारी पडले होते, तर सर्वांत दूरच्या टेबलावरचे सुमारे पाव. उलटीच्या वेळी उडणारे सूक्ष्म तुषार हवेतून पसरतात, आणि अंतर वाढेल तसा धोका कमी होतो.

दुसरे उदाहरण २०१० सालचे आहे. अमेरिकेत मुलींचा एक फुटबॉल संघ सामन्यांसाठी परगावी गेला होता. रात्री एका मुलीला उलट्या झाल्या. त्या स्नानगृहात खाऊची एक पिशवी ठेवलेली होती. मुलीने पिशवीला हातही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुलींनी त्या पिशवीतला बंद पुड्यांतला खाऊ खाल्ला आणि त्यांच्यापैकी काही जणी आजारी पडल्या. पुढे तपासणीत पिशवीवर नोरो विषाणू सापडला. तुषार पिशवीवर बसले, पिशवीवरून हातावर आले आणि हातावरून तोंडात गेले.

पंगत बरी की बुफे?

साथ आली की जहाजावर पहिला नियम होतो तो असा : ज्याने त्याने हाताने वाढून घेणे बंद. एकाच डावाला पाचशे हात लागण्यापेक्षा हात धुतलेल्या एका सेवकाने वाढणे बरे. वाचून गंमत वाटेल, पण ही तर आपली पंगत झाली! वाढपी पळीने वाढतो आणि जेवणारा भांड्याला शिवत नाही. रांजणात पेला न बुडवता ओगराळ्याने पाणी काढून ओंजळीत किंवा भांड्यात ओतायचे, ही जुनी रीतही याच जातीची. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी परळी वैजनाथ, अंबाजोगाईवरून जाते. अशा दिंडीत शेकडो माणसे पंगतीने जेवतात. या रीतीला अट मात्र एकच आहे. वाढणारा आणि रांधणारा निरोगी हवा, आणि त्याचे हात साबणाने धुतलेले हवेत. ज्याचे पोट बिघडले आहे, त्याने बरे वाटू लागल्यावरही निदान ४८ तास अन्नाला हात लावू नये, कारण विषाणू पुढेही बरेच दिवस शरीरातून बाहेर पडत असतो.

बाटलीतला द्रव नव्हे, साबणच

२०२० सालच्या करोनाच्या साथीत आपण हाताला सॅनिटायझर लावायला शिकलो. करोना विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. अल्कोहोल आणि साबण ते फोडतात. नोरो विषाणूला असे आवरणच नाही, त्याभोवती प्रथिनांचे टणक कवच असते. म्हणून सॅनिटायझरवर येथे विसंबता येत नाही. मग साबण काय करतो? तो विषाणूला मारत नाही, हातावरून सोडवतो. हातावरचा तेलकट थर साबणाने सुटतो, चोळण्याने कण निघतात आणि वाहते पाणी त्यांना घेऊन जाते. म्हणून किमान २० सेकंद, बोटांच्या बेचक्यांसह आणि नखांसह हात चोळायला हवेत. जेवणापूर्वी आणि शौचानंतर हे चुकता कामा नये. घंगाळात सर्वांनी हात बुडवणे म्हणजे धुणे नव्हे. तांब्याने पाणी ओतत धुवावे.

उलटी झालेली जागा साफ करण्याचे काम मोठ्या माणसांनी, हातमोजे घालून आणि तोंडाला फडके बांधून करावे. घाण टिपून घ्यावी आणि मग ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरावे. ताज्या पावडरीत शेकडा ३० च्या आसपास उपयुक्त क्लोरीन असतो. १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर घातली, तर दशलक्ष भागांत सुमारे ४,५०० भाग क्लोरीन मिळतो आणि तो या विषाणूला पुरेसा आहे. हे पाणी त्या जागी निदान ५ ते १० मिनिटे राहू द्यावे. त्यात ॲसिड मात्र चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

आजार झालाच तर

नोरोचा आजार बहुधा एक ते तीन दिवसांत आपोआप बरा होतो. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. खरा धोका असतो तो शरीरातील पाणी आणि क्षार निघून जाण्याचा. लहान मुले आणि वृद्ध यांच्या जिवावर बेतते ते त्यामुळेच. यावर साधा उपाय आहे जलसंजीवनीचा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचवले. आतड्यात साखरेबरोबर मीठ शोषले जाते आणि त्यांच्यामागून पाणीही आत येते, हे त्यामागचे शास्त्र. सहलीच्या सामानात जलसंजीवनीच्या पुड्या हव्यातच. त्या नसतील, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. माप चहाच्या चमच्याचे घ्यावे. हे पाणी घोट घोट पाजावे. लघवी होत नसेल, डोळे खोल गेले असतील, गुंगी येत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे.

एक प्रयोग

शिक्षकांच्या मदतीने वर्गात हे करून पाहा. एका विद्यार्थ्याच्या तळहाताला थोडे तेल आणि रांगोळीचा रंग चोळा. मग त्याला दहा मिनिटे नेहमीसारखे वावरू द्या. दाराची कडी, बाकाची कड, मित्राचा हात, पाण्याचा नळ, सारे होऊ द्या. नंतर रंग कुठे कुठे पोचला ते मोजा. शेवटी काही जणांनी नुसत्या पाण्याने आणि काही जणांनी साबणाने २० सेकंद हात धुवावेत, आणि फरक वहीत लिहून ठेवावा. विषाणूला रंग नसतो, एवढाच काय तो फरक!

आणि एक शेवटची गोष्ट. सहलीत पोटात ढवळू लागले, तर बरीच मुले ते लपवतात. मित्र हसतील, सर रागावतील, गड पाहायला मिळणार नाही, अशी भीती वाटते. जहाजावरचे प्रवासीही खोलीत अडकून पडावे लागेल म्हणून आजार दडवतात, आणि साथ तेथूनच वाढते. म्हणून पहिला मुलगा वेळीच बोलला, तर त्याने उरलेल्या एकोणचाळीस जणांची सहल वाचवली असे समजा. त्याला हसू नका. त्याला खिडकीजवळची जागा द्या, पाणी द्या आणि मग आपापले हात धुवा.