जहागीरदाराची बाग, देशाचा चेहरा

ठाणे महापालिकेच्या माजिवडा-मानपाडा प्रभागात, कोलशेतला, फेब्रुवारी 2024 मध्ये साडेवीस एकरांचं सेंट्रल पार्क खुलं झालं. नाव न्यूयॉर्कच्या वळणाचं आणि आत मुघल, चिनी, मोरोक्कन, जपानी अशा बागा. ‘जपानी बाग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लगेच काहीतरी येतं, ही किमया जेमतेम दीडशे वर्षांतली.

जपानमधल्या ओकायामा शहरातली कोराकुएन ही बाग बघा. इकेदा त्सुनामासा या सरदाराने 1687 मध्ये ते करायला घेतलं, 1700 मध्ये पुरं झालं. बाग इकेदा घराण्याची. ती ‘जपानची’ आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल. 1871 मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या आणि अशा बागा एकेक करून सरकारजमा झाल्या. कोराकुएन 1884 मध्ये लोकांना खुलं झालं.

तोवर जपानच्या तेव्हाच्या मेइजी सरकारने बागेचा दुसरा उपयोग हेरला होता: जगापुढे देशाची ओळख म्हणून. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात आणि 1893 मध्ये शिकागोत जपानने बागेसह मांडणी केली. त्याच 1893 साली जपानी उद्यानकलेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला तो जोसाया काँडर या इंग्रज वास्तुविशारदाने. परक्यांनी वाखाणलं, मग घरच्यांनी मिरवलं; हे आपल्यालाही नवं नाही म्हणा! 1922 मध्ये कोराकुएनला कायद्याने संरक्षित निसर्गरम्य स्थळाचा दर्जा मिळाला.

बाग देशाचा चेहरा झाली की देशाच्या वैराची झळही तिलाच. सॅन फ्रान्सिस्कोतला जपानी चहाबगीचा हागिवारा कुटुंबाने वर्षानुवर्षं जोपासला होता. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर, 1942 मध्ये, त्यांना तिथून उठवून छावणीत धाडलं आणि बागेच्या नावातलं ‘जपानी’ काढून ‘ओरिएंटल’ घातलं. झाडं, तळी तीच! मूळ नाव परतलं 1952 मध्ये. तिकडे जपानमध्ये 1945 च्या बॉम्बफेकीत कोराकुएनची हानी झाली. जुनी चित्रं आणि आराखडे समोर ठेवून ते पुन्हा उभं केलं.

त्याच कोराकुएनच्या धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान झालं. त्याला नाव मात्र पु. ल. देशपांड्यांचं. ‘पूर्वरंग’मध्ये जपानबद्दल लिहिणाऱ्या पुलंचं नाव तिथे शोभतंही. मला कोलशेतपेक्षा हे अधिक पटतं: पुण्यात नमुना एका ठरावीक बागेचा आणि नातं दोन शहरांचं. कोलशेतला ‘जपानी’ हा चार पर्यायांतला एक.